परतीचे भाडे

बेळगावच्या बाजारातून भाजीपाला भरून निघालेले ट्रक रात्रीच्या शेवटच्या प्रहरी घाट उतरतात आणि उजाडता उजाडता गोमंतकातील बाजारांत येऊन पोहोचतात. म्हापशाच्या किंवा पणजीच्या गृहिणीने सकाळी घेतलेला कोबी, टोमॅटो वा हिरवी मिरची बहुधा अशीच घाटमाथ्यावरून आलेली असते. आम्ही तो माल घेतो, त्याच्या दराविषयी थोडी कुरकुरही करतो. परंतु माल उतरवून मोकळा झालेला ट्रक परत वर काय घेऊन गेला, हा प्रश्न आमच्या मनात सहसा येत नाही. मालवाहतुकीच्या धंद्यात मात्र हाच प्रश्न पहिला. रिकामा ट्रक घाट चढतो तेव्हाही त्याला डिझेल लागते, टायर झिजतात, ड्रायव्हरचा रोज चालूच असतो. जाताना मिळालेल्या भाड्यातून येण्याचा खर्चही निघाला पाहिजे. आणि ज्याला परतीचा माल मिळाला तो जातानाचे भाडे कमी सांगून दुसऱ्याचे गिऱ्हाईक सहज नेऊ शकतो. काही मासळी, काही नारळ, कधी बंदरावर उतरलेला माल एवढेच ज्याच्या वाट्याला यावयाचे, त्या गाडीवाल्याचे सारे गणित ह्या एका चिंतेभोवती फिरत असते.

ही चिंता मोटारीबरोबर जन्मली, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत किनारा आणि घाटमाथा यांमध्ये माल वाहणारी साधने अनेकवार बदलली. पाठीवर गोणी घेतलेला बैल गेला, बैलगाडी आली. तिच्यामागून आगगाडी आली आणि शेवटी मोटार-ट्रक. राज्ये बदलली, सरहद्दी बदलल्या, जकातीची नावे बदलली. परंतु ज्याच्याजवळ दोन्ही बाजूंचा माल तो टिकला आणि ज्याच्याजवळ एकाच बाजूचा तो बुडाला, हा नियम फारसा बदललेला आम्हांस दिसत नाही. लढायांच्या आणि तहांच्या इतिहासात ह्या नियमाला जागा मिळाली नाही, म्हणून तो येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

ह्या वाहतुकीचे पहिले मोठे धनी म्हणजे वंजारी आणि लमाणी यांचे तांडे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य, तांदूळ, डाळ आणि मीठ यांपैकी एकेक जिन्नस एकेका जमातीकडे वाटून दिलेला असे, असेही तो सांगतो. एका बैलाच्या पाठीवर सुमारे सव्वाशे किलो ओझे आणि दिवसाची मजल दोन-तीन कोसांची. आजच्या हिशेबाने ही चाल अगदीच मंद. पण त्या मंद चालीतच तिची स्वस्ताई साठविलेली होती. बैल वाटेने चरत जात, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळजवळ नाही. तांड्याबरोबर बायकामुले, म्हातारीकोतारी, कुत्री, भांडीकुंडी असा सारा संसार चाले, त्यामुळे नोकराचा पगार नाही. वाट खडकाळ असली, रान दाट असले, तरी चाकाला जेथे जाता येत नसे तेथे बैलाचा खूर जाई.

आणि तांड्याला परतीचा माल ठरलेला होता. देशावर धान्य पिके, पण मीठ पिकत नसे. किनाऱ्यावर, विशेषतः गोमंतकातील मिठागरांत, मीठ मुबलक होई आणि धान्याची मात्र नड असे. म्हणून धान्य खाली उतरे आणि मीठ वर चढे. दोन्ही जिन्नस जड, दोन्ही बारमाही खपाचे आणि दोन्ही गरिबाच्या घरात लागणारे. तांड्याचा नाईक बहुधा माल स्वतः विकत घेऊन पुढे विकी. तो वाहतूकदार होता तसाच व्यापारीही होता, आणि जातानाच्या नफ्याइतकाच येतानाचा नफा त्याच्या हिशेबात असे. रामघाट, तिनई घाट ह्या वाटा राजांच्या स्वाऱ्यांपेक्षा अशा गोणींनीच अधिक तुडविल्या असतील.

राजांनाही त्यांची गरज पडे. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना धान्य पुरविणारे हेच तांडे होते; १८०३ च्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यानेही दाणागोट्यासाठी त्यांच्यावरच भिस्त ठेवली होती. परस्परांवर तोफा डागणाऱ्या दोन्ही छावण्यांत अन्न नेऊन देणारा माणूस एकाच जातीचा असावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. माल वाहणाऱ्याचा पक्ष माल पोहोचविणे हाच, असे जणू त्या काळी सर्वांनी मान्य केलेले होते.

तांड्याखेरीज दुसरी एक संस्था मराठी मुलखात होती, तिचा विसर आम्हांस पडत चालला आहे. तिचे नाव हुंडाभाडे. व्यापाऱ्याने आपला माल हुंडेकऱ्याच्या हवाली करावा, एकदाच ठरलेली रक्कम द्यावी, आणि मग वाटेतील भाडे, जकात व तंटेबखेडे यांची सगळी जबाबदारी हुंडेकऱ्याने घ्यावी, असा तो करार. आज हुंडेकरी हा शब्द काही ठिकाणी वाहतूकदार आडत्यासाठी, तर काही घरांत आडनाव म्हणून उरला आहे. पण त्यामागची कल्पना चांगलीच व्यवहारचतुर होती. पेशवाईत माल भरताना थळभरीत, विकताना थळमोड, आणि मध्ये ज्याच्या ज्याच्या मुलखातून वाट जाई त्याच्या त्याच्या चौकीवर आणखी काही, अशी जकातीची रांग असे. एकट्या व्यापाऱ्याने प्रत्येक चौकीवर थांबून हुज्जत घालावी तर माल पोहोचेपर्यंत हंगाम निघून जाई. हुंडेकरी अनेकांचा माल एकत्र करी, चौक्यांवरील माणसांना ओळखून असे, आणि वाटेतील अनिश्चितपणा स्वतःच्या अंगावर घेऊन व्यापाऱ्याला एक निश्चित आकडा देई. मालवाहतुकीत गिऱ्हाईक गाडीपेक्षा निश्चितीसाठी पैसा मोजते, हे त्याने पुरते जाणले होते. पुढे मोटारीच्या युगात जे मोठे झाले ते हीच गोष्ट नव्याने शिकून मोठे झाले.

इंग्रजी अमलात घाटांतून चाकाला वाट मिळू लागली. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीच्या घाटातून गाड्या वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरू लागल्या, आणि बेळगाव प्रांताचा माल समुद्रावर पोहोचविणारे वेंगुर्ले गजबजून गेले. पाच-सहा बैलांच्या पाठीवरचे ओझे दोन बैल ओढू लागले, तेव्हा वंजाऱ्याच्या धंद्याला पहिला तडा गेला. तरीही तो लगेच मोडला नाही, कारण गाडी रस्त्यावरच चाले आणि रस्ते थोडे होते. आडवाटेची गावे पुष्कळ दिवस गोणीच्या बैलाचीच वाट पाहत राहिली.

खरा घाव आगगाडीने घातला. आणि गोमंतकाच्या बाबतीत तो कागदावर आधी पडला. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यान्वये गोमंतक आणि इंग्रजी मुलूख यांमधील जकातीची भिंत दूर झाली, मुरगाव बंदरापासून घाटापर्यंत रेल्वे बांधण्याचे ठरले, आणि गोव्यातील मिठावर इंग्रज सरकारचे नियंत्रण आले. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळावयाचे होते. मिठावरील कर हे इंग्रजांच्या उत्पन्नाचे मोठे साधन. शेजारच्या मुलखातून स्वस्त मीठ घाट चढून येणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणजे ज्या तहाने घाटात लोहमार्ग आणला त्याच तहाने घाट चढणारा जुना माल सरकारी कुलपात टाकला. मिठागरवाला आणि मीठ वाहणारा या दोघांनाही त्याची झळ लागली. हा तह १८९२ साली संपला, परंतु मधल्या काळात मोडलेली व्यापाराची वाट तह संपल्याने पुन्हा जुळत नाही.

मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला. दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारी ती चढण आजही प्रवाशाला थक्क करते. बांधणाऱ्यांचे कौशल्य थोर खरे. पण चढणीवर डबे ओढण्याचा खर्चही थोर. मुरगावसारखे उत्तम बंदर असूनही घाटावरचा बराच माल मुंबईकडे वळला, आणि ही रेल्वे सुरुवातीची कित्येक वर्षे तोट्यात चालली. बंदरातून उतरून वर जाणारा माल आणि वरून बंदराकडे येणारा माल यांचे वजन जुळले नाही तर आगगाडीचे गणितही तांड्याच्या गणितासारखेच बिघडते, याचा हा दाखला होय. वेंगुर्ल्याचे बंदर मात्र रेल्वेच्या युगात मागे पडत गेले.

आणि वंजारी? मीठ गेले, फौजा गेल्या, धान्य आगगाडीत चढले. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव झालेल्या रानांत चराईलाही आडकाठी आली. म्हणजे स्वस्ताईचा जो पाया होता तोच निघून गेला. ज्या समाजाने शेकडो वर्षे देशाला अन्न पोहोचविले त्यातील कित्येक गटांची नोंद १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगार जमाती म्हणून झाली. तो शिक्का पुसावयास १९५२ साल उजाडावे लागले. वाहतुकीचे साधन बदलते तेव्हा माल दुसऱ्या साधनावर चढतो. माणसाला मात्र तसे चढता येत नाही. हा धडा पुढे पुन्हा एकदा, आमच्या डोळ्यांदेखत, गिरविला गेला.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार-लॉरी आमच्या रस्त्यांवर हळूहळू दिसू लागली. तिच्यासाठी रस्ते हवे होते आणि रस्त्यांसाठी पैसा. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते सुधारणेचा विचार करणारी समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा निधी रस्त्यांसाठी वेगळा काढावा, अशी सूचना तिने केली आणि १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. एका मराठी कायदेपंडिताने देशातील रस्त्यांच्या अर्थव्यवस्थेचा पाया घातला, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटावी.

रस्ते होऊ लागले तशी रेल्वेला धास्ती पडली. लॉरीवाला दुकानाच्या दारातून माल उचलून दुसऱ्या दुकानाच्या दारात नेऊन देई. रेल्वेच्या मालाची मात्र दोन्ही टोकांना चढउतार आणि हमाली. रेल्वेत सरकारचा पैसा गुंतलेला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीला परवान्याच्या चौकटीत बसविले, आणि लांब पल्ल्याच्या भाड्यासाठी परवाना मिळणे ही एक तपश्चर्याच होऊन बसली. प्रत्येक प्रांताचा परवाना निराळा. दुसऱ्या प्रांतात जावयाचे तर तेथील अधिकाऱ्याची प्रतिसही हवी, तेथला करही हवा.

ह्या व्यवस्थेचा अर्थ आमच्या सीमाभागातील लोकांना १९५६ साली फार चांगला कळला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. बेळगावहून कोल्हापूरला गूळ आणावयास जाणारी लॉरी एका राज्यातल्या दोन गावांमध्ये फिरत होती. राज्यपुनर्रचनेनंतर तीच लॉरी त्याच रस्त्याने गेली तरी परराज्यात जाऊ लागली. एकीकडे स्थिती ही, तर पश्चिमेकडे गोमंतक अद्याप परदेश होता. १९५५ साली आर्थिक नाकेबंदी झाली, घाटातली आगगाडी थांबली, आणि घाटमाथ्यावरची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असताना गोव्यात बटाटा हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि तांदूळ व भाजीपाला पाकिस्तानातून जहाजाने येऊ लागला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि घाटाची दारे पुन्हा उघडली. भाजीच्या ट्रकाचा इतिहास हा इतक्या मोठ्या घडामोडींशी बांधलेला आहे, हे भाजी निवडताना कोणाच्या ध्यानी येणार?

देशाच्या कोणत्याही भागात जाऊ देणारा राष्ट्रीय परवाना १९७५ साली आला. प्रथम त्याची संख्या मर्यादित होती, पुढे ती मर्यादा उठली. त्यानंतरच मुंबई–आग्रा रस्त्यावरील इंदूर व ग्वाल्हेर, पुणे–बंगळूर रस्त्यावरील कोल्हापूर, बेळगाव व हुबळी, तसेच बडोदे आणि हैदराबाद ही ठाणी खऱ्या अर्थाने एका साखळीत आली. इंदुरात उतरलेला ट्रक आता मुंबईच्याच मालाची वाट पाहत बसण्यास बांधलेला नव्हता. बडोद्याचे भाडे मिळाले तर बडोद्यास, हैदराबादचे मिळाले तर हैदराबादेस तो जाऊ शके. परतीचे भाडे शोधण्याचे क्षेत्र एका रस्त्यावरून साऱ्या देशावर पसरले. ट्रान्स्पोर्ट नगरातील दलालाचे महत्त्व येथूनच वाढले. त्याच्याजवळ ट्रक नसतो. कोठे माल आहे आणि कोठे गाडी रिकामी उभी आहे, एवढी माहिती असते. आणि एक ते पाच गाड्यांच्या धन्यांनीच भरलेल्या ह्या धंद्यात माहिती ही गाडीपेक्षा मोलाची वस्तू ठरते.

ह्या काळात कोणती नीती यशस्वी ठरली, याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. विजय संकेश्वर यांनी १९७६ साली गदगमध्ये एका ट्रकाने धंदा सुरू केला. पुढे हुबळी हे केंद्र करून त्यांनी जी संस्था उभारली तिचे ट्रक आज हजारोंनी मोजावे लागतात. तिने भर दिला तो सुट्या मालावर. एका व्यापाऱ्याचा पुरा ट्रक भरण्याची वाट न पाहता शंभर व्यापाऱ्यांची शंभर गाठोडी गोळा करावयाची, मध्यवर्ती गोदामात ती गावोगाव वेगळी काढावयाची आणि नव्याने भरून पाठवावयाची. पुऱ्या ट्रकाचा माल एकाच दिशेने वाहतो. सुटा माल मात्र दोन्ही दिशांनी थोडाथोडा असतोच. औषधे, कापड, यंत्रांचे सुटे भाग, पुस्तके यांची पाठवणी प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराकडे चाललेली असते. म्हणून अशा गाडीला परतीची चिंता कमी. जुन्या हुंडेकऱ्याने अनेकांचा माल एकत्र करून जे साधले तेच येथे नव्या मापाने साधले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

रेल्वे आणि ट्रक यांचे जुने वैर मिटविण्याचा एक सुंदर प्रयोगही आमच्याच किनाऱ्यावर झाला. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून भरलेले ट्रकच सपाट डब्यांवर चढवून कोलाड ते वेर्णे असे नेण्यास प्रारंभ केला. चारशेहून अधिक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता वाचतो, डिझेल आणि टायर वाचतात, आणि ड्रायव्हरला गाडीतच झोप मिळते. १९३९ साली ज्याला प्रतिस्पर्धी म्हणून अडवून धरले त्यालाच साठ वर्षांनी रेल्वेने खांद्यावर घेतले.

परंतु गोमंतकात दुसरी एक वाहतूक वाढत होती, आणि तिने परतीच्या भाड्याचा विचारच केला नव्हता. १९४७ पासून गोव्याचे लोहखनिज परदेशी, मुख्यत्वे जपानला, जाऊ लागले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील खाणींतून माटी ट्रकांत भरावयाची, मांडवी वा जुवारीच्या काठच्या धक्क्यावर ओतावयाची, तेथून बार्जांनी मुरगावला न्यावयाची. ट्रक धक्क्याकडे भरलेला जाई आणि खाणीकडे रिकामा येई. पल्ला आखूड, माल अखंड आणि दर खेपेवर. म्हणून रिकाम्या फेरीचे दुःख कोणास जाणवले नाही. गावोगावच्या तरुणांनी कर्ज काढून ट्रक घेतले. कोणाची शेती खाणीच्या गाळाने गेली होती, त्यालाही ट्रक हाच आधार वाटला. ज्या धुळीने त्याचे कुळागर लाल झाले तीच धूळ उडविण्यावर त्याचे घर चालू लागले. जितक्या खेपा तितका पैसा, म्हणून गाड्या भरधाव सुटत. रस्त्याकाठच्या आयाबाया मुलांना शाळेत पाठविताना जीव मुठीत धरीत. निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास गेली तेव्हा ही रांग कधी संपेल असे कोणास वाटत नव्हते.

ती एका महिन्यात संपली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले. खाणकामातील बेकायदेशीरपणा आणि निसर्गाची हानी यांविषयी न्यायालयाने जे केले त्याचा वाद येथे घालावयाचा नाही. आमचा प्रश्न अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रकाचा आहे. खाणीसाठी बांधलेला आखूड, उलटता टप असलेला तो ट्रक लांब पल्ल्याच्या गाठोड्यांना निरुपयोगी. मालकाला बाहेरच्या बाजाराची ओळख नाही, दलाल माहीत नाही, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला. टपात पावसाचे पाणी साचले, टायरांना भेगा गेल्या, आणि माणसे कर्जफेडीच्या चिंतेत दिवस मोजू लागली. एका मालावर, एका दिशेवर आणि एका गिऱ्हाईकावर उभा केलेला धंदा किती पोकळ असतो, हे वंजाऱ्यांच्या मिठाने एकदा सांगून ठेवले होते. ते ऐकावयास कोणी बसले नव्हते, कारण ती कथा आम्ही कधी सांगितलीच नव्हती.

जकातीच्या चौक्यांची कथा मात्र काहीशी सुखान्त झाली आहे. कर्नाटकाने १९७९ साली आणि गुजरातेने २००७ साली शहरांच्या वेशीवरील जकात उठविली. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने गेली आणि मुंबईची सर्वांत शेवटी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सरहद्दींवरील विक्रीकराचे नाके बहुतेक ठिकाणी उठले. कोगनोळीच्या नाक्यावर एके काळी रात्ररात्र उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्या बदलाचे मोल सांगावयास नको. थळभरीत आणि थळमोड यांपासून सुरू झालेली ती वहिवाट अखेर बरीचशी संपली. पण वाचलेला वेळ कोणाच्या खिशात गेला? ट्रक जलद फिरू लागले म्हणजे तेवढ्याच मालासाठी कमी ट्रक पुरतात. त्यातच २०१८ साली आसावर पडणाऱ्या वजनाची कायदेशीर मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढली. एकेका मालकाला वाटले की आपली कमाई वाढणार; पण सर्वांचीच गाडी मोठी झाली तेव्हा माल तेवढाच राहिला आणि भाडे उतरले. एकट्याला शहाणपणाची वाटणारी गोष्ट सर्वांनी एकदम केली की तोट्याची ठरते, हे या धंद्याचे जुनेच दुखणे आहे.

आणि हे उतरलेले भाडे शेवटी कोणाच्या अंगावर पडते? मालक डिझेलचा दर ठरवीत नाही, हप्ता ठरवीत नाही, पथकर ठरवीत नाही. त्याच्या हाती उरतो तो ड्रायव्हरचा वेळ आणि क्लीनरची भाकरी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली होती. घाट उतरून आलेल्या कोणत्याही ड्रायव्हरला तिच्याविषयी विचारून पाहावे. तो बहुधा हसेल. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातील अपघातविषयक कलमाच्या भीतीने देशभरचे ड्रायव्हर गाड्या सोडून खाली उतरले, तेव्हा एक-दोन दिवसांतच पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि बाजारात भाजी कडाडली. सरकारने ते कलम तूर्त लागू न करण्याचे ठरविले. त्या दोन दिवसांत देशाला ड्रायव्हरची आठवण झाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीतही अशीच झाली होती, गोव्यातील बाजार रिकामे पडले होते आणि घाटावरून ट्रक केव्हा येतो याकडे सर्वांचे डोळे लागले होते. २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनीत थंड हवेचे यंत्र बंधनकारक झाले आहे. शंभर वर्षांत गाडीच्या यंत्राला जी काळजी मिळाली ती आता कोठे चालविणाराच्या वाट्याला येऊ लागली आहे.

उद्या घाटात आणखी कोणते साधन येईल ते सांगणे आमचे काम नव्हे. ते साधन येईल तेव्हा माल त्यावर चढेलच. प्रश्न मालापुरता कधीच नव्हता. लमाण्याचा तांडा थांबला तेव्हा त्याच्यासाठी परतीचे भाडे कोणी शोधले नाही. त्याच्या कपाळी शिक्का आला. डिचोलीच्या अंगणात ट्रक थांबला तेव्हाही मालकाला स्वतःच वाट शोधावी लागली. ज्यांच्या खांद्यावर बाजार चालतो त्यांना रिकामे परत पाठविण्याची ही सवय समाजाने मोडली पाहिजे. कामाचे तास, कर्जाची रचना आणि नव्या धंद्याचे शिक्षण ह्या गोष्टी त्यांच्यासाठी आधीच विचारात घेतल्या पाहिजेत, ट्रक उभा राहिल्यावर नव्हे.

पहाटे भाजी उतरवून झाली की तो ट्रकवाला ताडपत्रीची घडी घालतो, दोर गुंडाळून ठेवतो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतो. मग बेळगावला नेण्यासारखे काही आहे काय, असे दोघातिघांना विचारतो. कधी असते, कधी नसते. ऊन वर यावयाच्या आत त्याला घाट चढावयाचा असतो.